न दिसणारा वावर

—नाही, नाही, खुर्ची तिथेच राहू द्या, रुपचंदभाऊ, उजेडाकडे तोंड करून. तुमचा चेहरा मला नीट दिसला पाहिजे. आणि दाराकडे काय बघताय सारखं? भिकुबाई बाहेर बाकावर बसतील, त्यांना आत घ्यायचं नाही. बायको समोर असली की मुक्यालाही चेव येतो, या खोलीत खूपदा बघितलंय मी. पाणी हवंय? तोंडाने मागा, देते. नाही? बरं. मग तहान नाही असं धरते.

मी कोण ते आठवतंय ना? मागच्या आठवड्यात, तुम्हाला लिहितावाचता येत नाही म्हणून, प्रश्न वाचून दाखवले ती मीच, डॉक्टर कामिनी देवरे—डॉक्टर म्हणजे सुई टोचणारी नव्हे हो, मानसशास्त्राची. माझं काम एकच. मनाचा आजार खरा कोणाला आहे आणि अंगावर पांघरलेला कोणाला आहे, ते ओळखायचं. अख्खं आयुष्य यात घातलंय. आणि तुम्हाला काय वाटलं, धुळ्याला एक बाई बसलीय, तिच्यासमोर मान खाली घालून बसलं की झालं? अहो, तुमच्यापेक्षा पोचलेले बसून गेलेत या खुर्चीत. एक जण आंधळा होऊन आला होता, आणि जाताना माझ्या टेबलावरचं स्वतःचंच पेन ओळखून उचलून घेऊन गेला. हसा की! हसायला वाचा लागत नाही.

तुमची कथा पाठ आहे मला. शिरपूरच्या अलीकडचं गाव, दोघे भाऊ, विहीर सामाईक. प्रेमराज, तुमचा धाकटा, विहिरीत उतरून मोटार बघत होता, तुम्ही वर स्टार्टरपाशी. बटण दाबलं गेलं. प्रेमराज गेला. आता ते चुकून दाबलं की मुद्दाम, एवढंच पोलिसांना तुमच्या तोंडून ऐकायचंय—भावाभावांत बांधावरून कुरबुर होती असं गाव सांगतंय—आणि नेमकी त्याच दिवसापासून तुमची वाचा बंद! काय सोय आहे बघा. घसा ठीक, जीभ ठीक, दवाखान्याने तपासून पाठवलंय. आता कोर्ट मला विचारतंय, याची वाचा खरंच धक्क्याने गेलीय की जबाब चुकवायला हा गप्प बसलाय? खरंच गेली असेल तर उपचार, जामीन आहे तसा चालू. ढोंग असेल तर जामीन गेला, आणि पुढे न्यायाधीश तरी काय समजायचं ते समजतीलच. धक्का लागलेला माणूस ढोंग कशाला करील? बरोबर ना? मान हलवू नका, तोंडाने सांगा.

जळगावलाही जाऊन आलात ना तुम्ही, त्या किरणकडे? किरण चौधरी, पदार्थविज्ञानवाला. नाव किरण आणि धंदाही किरणांचाच, आईबापांनी विचार करून ठेवलं असावं. आमचा दोघांचा मिळून प्रकल्प आहे हा—म्हणजे नाव दोघांचं, डोकं माझं. त्याच्या त्या टेराहर्ट्झ लहरी! दिसत नाहीत, कापडातून, पुठ्ठ्यातून आरपार जातात, आणि पाणी आलं की तिथेच अडतात. म्हणून माणसाच्या तळहाताला खोटं बोलताना जो बारीक घाम सुटतो, डोळ्याला न दिसणारा, तो म्हणे त्यांना कळतो. कळत असेल. पावसाळ्यात हवा दमट झाली की हेच यंत्र रुसून बसतं, मग कोरडी हवा सोडा, पेटी बंद करा, त्याची मनधरणी करा. अशा यंत्रावर मी एखाद्या माणसाचा निकाल सोपवू? तुमचा हात पेटीत ठेवला, प्रश्न विचारले, आणि संध्याकाळी याचा फोन—मॅडम, भावाचं नाव घेतलं की हात ओला होतो, पण वाचेबद्दल विचारलं की कोरडा ठक्क. हा माणूस काही लपवत नाहीये. हा दुःखात आहे. मी म्हटलं, वा रे वा, दुःख तुझ्या कुठल्या आलेखात दिसलं बाबा? तू आरसे पुस, भिंगं पुस, माणसाचं मी बघते. भला मुलगा आहे, पण भलेपणाने शास्त्र होत नाही.

शास्त्र हे—हे बघा. माझी प्रश्नावली. मागच्या आठवड्यात हिला तुम्ही माना डोलावल्यात. हिच्यात एक सापळा आहे, आज सांगून टाकते, आता सांगायला हरकत नाही. खऱ्या रोग्याला भास होतात ते ठरावीक, मोजके. ढोंग्याला वाटतं, जेवढं विचित्र तेवढं चांगलं, म्हणून तो सगळ्याला हो म्हणतो. मी पाच प्रश्न असे घातलेत की खरा वेडासुद्धा पाचांनाही हो म्हणणार नाही. ‘तुम्हाला न दिसणारा वावर सतत जाणवतो का?’ इथवर ठीक, हे एखादा म्हणेल. पण पुढे ऐका. ‘हा वावर तुम्हाला बोलावतो का?’ तुम्ही—हो. ‘या वावराला वास येतो का?’ हो. ‘हा वावर ओला होतो का?’ हो! ‘हा वावर रंग बदलतो का?’ आणि तुम्ही काय जोरात मान हलवलीत हो, डोळ्यांत पाणी आणून! मी मनात म्हटलं, संपलं, रुपचंदभाऊ, संपलात तुम्ही. आतापर्यंत कोणी अदृश्य माणसाचा वावर ओला झाल्याचं मला सांगितलं नव्हतं—म्हणजे पुण्यात नव्हतं सांगितलं. इथे सांगतात. इथे बरेच सांगतात.

तीच तर गंमत आहे. पुण्यात या पाच प्रश्नांना हो म्हणणारा शोधून सापडत नाही, आणि इकडे साक्री घ्या, शिंदखेडा घ्या, शिरपूर घ्या, एकेक जण माना डोलावत येतो. कोणी निवृत्तिवेतनासाठी आलेला, कोणी कज्ज्यातला, एक बाई तर, ताईबाई, नवऱ्याच्या मारहाणीने डोक्यावर परिणाम झाला म्हणून आली होती, तीही पाचच्या पाच! ढोंगी म्हणून परत पाठवली. त्यावर माझा लेख झाला—ग्रामीण खानदेशात लक्षणं पांघरण्याचं प्रमाण—दिल्लीला वाचला मी, टाळ्या पडल्या. पुढच्या महिन्यापासून चार जिल्ह्यांत हीच प्रश्नावली लागणार आहे. किरण तेव्हाही म्हणाला, मॅडम, एवढी माणसं खोटारडी कशी असतील, तुमच्या प्रश्नात तर काही नाही ना? माझ्या प्रश्नात! एकेक शब्द मी तोलून घेतलाय. शुद्ध मराठी. कुठे बोलीचा ठिपका नाही.

बोली मला शिकवू नका कोणी. मी पिंपळनेरची आहे. बघताय काय? वाटत नाही ना? नाहीच वाटणार, मेहनत घेतलीय. पुण्याला वसतिगृहात पहिल्याच दिवशी जेवताना म्हणाले, बठ्ठा भात संपला—आमच्याकडे सगळ्याला बठ्ठा म्हणतात—तर अख्खी पंगत हसली. महिनाभर मला ‘बठ्ठा’ हाक मारायच्या मुली. त्यानंतर एक अक्षर नाही बोलले. आई फोनवर बोलायची तिच्या भाषेत, मी उत्तर द्यायची पुस्तकातलं. शेवटी शेवटी ती माझ्याशी बोलताना अडखळायला लागली, बिचारी शुद्ध बोलायला जायची आणि मग गप्पच बसायची. असो. हे कशाला सांगतेय मी तुम्हाला? तुम्ही गप्प बसलात की माणूस बरळत सुटतो, ही तुमची चलाखी आहे.

चला, संपवू या. दाखवा तरी मला तो तुमचा वावर. कुठे आहे? या खोलीत आहे? माझ्या मागे उभा आहे? खिडकीबाहेर? खिडकीबाहेर काय आहे, रस्ता आहे. अजून लांब? बोट कुठे जातंय—तिकडे शिरपूर. म्हणजे वावर शिरपूरला राहतो, आणि तुम्हाला इथून जाणवतो, छान. आणि हे काय चाललंय? उठू नका. वाकताय कशाला? हात असे—हे काय, फावडं? फावड्याने काय करताय, पाणी वळवताय? अहो, बसा, नाटक पुरे—कुंडीला हात लावू नका! माती आहे ती, माझ्या कागदांवर—अहो, कागदावर कशाला ठेवताय माती—

वावर.

लहानपणी दारात कोणी विचारायचं, माय कोठे शे? आणि मी सांगायची, माय वावरमा शे.

...शेत. तुम्ही शेताचं सांगत होतात. मी विचारलं, न दिसणारं वावर जाणवतं का—तर जाणवतं. इथून दिसत नाही आणि जाणवतं. बोलावतं. वास येतो. ओलं होतं. रंग बदलतं. अहो, बदलणारच, रंग बदलणारच ना वावराचा! आणि विहीर त्याच वावरात. प्रेमराज त्याच वावरात. म्हणून डोळ्यांत पाणी.

नाही, थांबा. थांबा जरा. प्रश्नात ‘न दिसणारा’ आहे. पुल्लिंगी. शेत असतं तर ‘न दिसणारं’ म्हटलं असतं मी. एवढं तरी कळायला नको माणसाला? शब्दकोश काढून बघा, वावर म्हणजे येणंजाणं, हालचाल—दुसरा अर्थही असेल खाली, असेलच, पण मराठीत विचारलेला प्रश्न मराठीत समजून घ्यायचा असतो! त्यात माझा काय दोष? तुम्ही विचारायचं होतं. त्या ताईबाईने विचारायचं होतं. तोंड होतं की तिला.

बसा. बसा म्हटलं ना. मला बसू द्या.

आज तुम्हाला बोलावलं ती शेवटची संधी, असं भिकुबाईंना सांगितलं होतं मी. तसं नव्हतं. तुम्ही ढोंगी आहात असा अहवाल सकाळीच गेलाय, कोर्टात आणि पोलिसांतही. मला फक्त तुम्हाला एकदा बोलतं करायचं होतं, व्याख्यानात सांगायला बरं पडतं. आता हा फोन उचलायचा आणि सांगायचं, चूक झाली. सोपं आहे. मग ते विचारतील, कुठली चूक? मग ताईबाई निघेल. मग साक्रीचे, शिंदखेड्याचे, सगळे निघतील. मग दिल्लीचा लेख. चार जिल्हे. आणि सगळे म्हणतील, पिंपळनेरच्या बाईला वावर ठाऊक नव्हतं. वसतिगृहातल्या हसल्या त्याच्या शंभरपट हसतील. मला भीती वाटतेय, रुपचंदभाऊ. खरंच भीती वाटतेय, माझ्या हाताचा घाम बघा, किरणच्या यंत्राची गरज नाही, नुसत्या डोळ्याला दिसतोय.

असं बघू नका माझ्याकडे. तुमची दया नकोय मला.

नाही. फोन नको. ठेवलाय मी तो खाली, दिसतंय ना? माती पुसली की कागद स्वच्छ होतो. ही बघा, पुसली. या खोलीत काय झालं ते मला ठाऊक आणि तुम्हाला ठाऊक, आणि तुम्ही कोणाला सांगणार? तुम्हाला तर बोलता येत नाही.

उठा आता. खाली पोलिसांची गाडी आली असेल. आणि भिकुबाईंना सांगा—नको, काही नको. दार ओढून घ्या.