त्या दिवशी माईक बिघडला नव्हता

सन्माननीय अध्यक्ष, मंचावरील पाहुणे, स्टुडिओच्या मालकीणबाई, इथे आज पहिल्यांदाच नुसते बसून राहिलेले आमचे काका, आणि मित्रहो,

काकांनी चौतीस वर्षं या स्टुडिओत ध्वनिमुद्रण केलं, आज ते निवृत्त होताहेत. त्यांच्या हाताखाली मोठमोठे गायक घडले. मग मी का बोलतेय? कारण त्यांच्यासमोर गाणं सोडलेली मी एकटीच. हसू नका, खरंच सांगते.

आमचा चौघांचा रॉक बँड होता. मी गायचे, नवरा गिटार वाजवायचा. शिकलीस की सुखी होशील, नोकरी लागली की सुखी होशील, असं घरचे सांगत आले. सगळं झालं, पण सुखाचा पत्ता नाही! त्या रागात मी गाणं लिहिलं : ‘धुऊन धुऊन विटलं सुख, अंगावर तेवढंच आहे.’ काकांनी ते एका दमात मुद्रित केलं.

गाणं चाललं. नको तितकं चाललं. पाच वर्षं त्या ओळीवर लोक उड्या मारायचे आणि मी गाता गाता मनात भाजीची यादी करायचे. नवऱ्याशी बोलणं व्हायचं, ते फक्त कार्यक्रमाच्या वेळांपुरतं.

मग एका कंपनीला जाहिरातीसाठी तेच गाणं ‘जरा आनंदी’ करून हवं होतं. नऊ वेळा गायले. दहाव्यांदा तोंड उघडलं, आवाजच फुटेना. काचेपलीकडे कंपनीचे साहेब घड्याळ बघत होते. नवरा म्हणाला, “उरक ना एकदाचं!”

काका उठले. “माईक बिघडलाय. आज काही होणार नाही.”

माईक ठणठणीत होता. अध्यक्षमहाराज, काकांचं माझ्या माहितीतलं हे एकमेव खोटं.

जिन्यात मी म्हटलं, “काका, ते जुनं गाणं पुसून टाका. आता ऐकलं तरी काही वाटत नाही.”

“तुला वाटत नाही म्हणून ते खोटं होतं का, पोरी? नाही पुसणार.” मग म्हणाले, “उद्या सकाळी ये. वायरी गुंडाळायला माणूस हवाय.”

आले. बँड मोडला. नवराही गेला, भांडण नाही, तंटा नाही, गिटार आणि इस्त्री घेऊन गेला. काकांनी मला दुसऱ्याचं गाणं ऐकायला शिकवलं, श्वास कुठे अडखळतो तेही. त्याला एकोणीस वर्षं झाली. सुख परत आलं का? आलं असतं तर लपवलं नसतं. पण सकाळी इथे यायचा कंटाळा येत नाही.

गेल्या आठवड्यात काकांनी स्टुडिओच्या किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या. “परत गाशील?” त्यांनी विचारलं.

मी “नाही” म्हटलं. आवाज जराही कापला नाही. काकांनी तो नीट ऐकला, मान हलवली आणि डबा उचलून घरी गेले.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. ऐकणं माझं काम, बोलणं नव्हे. काही चुकलंमाकलं असेल तर पदरात घ्या.