अँब्युलन्सवरची कोनाकोनाची अक्षरं

हसा, हसा! काका आता पुन्हा दोन-दोन कप चहा पितात म्हणून मीही हसतो. त्या दिवशी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं.

आमच्या बहादरपूर गावच्या नव्या गाडीवर 'अँब्युलन्स' हे नाव इंग्रजीत टाकलं काकांच्याच पोराने, पंकजने. शहरात लालबागला त्याचं गाड्यांवर रेडियमची अक्षरं चिकटवायचं दुकान आहे. अक्षरं कशी, तर सगळी कोनाकोनाची, गोलाई नावाला नाही, इंग्रजी 'ए'ला मधली दांडीच गायब. मी म्हटलं, "हे काय रे?" तर म्हणतो, "दादा, फ्युचरिस्टिक फॉन्ट आहे. शहरातले सगळे डीजेवाले गाडीवर हाच मागतात."

आणि आठवड्याभरात काकांच्याच छातीत कळ आली. पंकज स्टेअरिंगवर, मी मागे काकांचा हात धरून. शहरात शिरलो, तर सिंधीपुऱ्यात समोर वरात. पंकजने सायरन लावला. बाजूला व्हायचं सोडून पोरं नाचायलाच लागली! त्यांना वाटलं, दुसरा डीजे आला. एकजण काचेवर थाप मारून ओरडला, "भाई, बेस बढ़ा!"

इकडे काकांचे ओठ निळे पडायला लागले. मी मागचं दार उघडून किंचाळलो, "अरे, पेशंट आहे आत!" स्ट्रेचर दिसलं तशी वरात गपकन थांबली. नवरदेवाने स्वतः घोडी कडेला घेतली.

तिथून सुसाट निघालो. दवाखान्याच्या फाटकाशी पोचतो, तर वॉचमन काठी आडवी धरून उभा.

"ओ भैया, डीजे बाहर लगाओ! अंदर मरीज हैं!"