दहा ते पावणेअकरा

दुकानदारीण : ...आणि हा व्हॅक्यूम तर चालू आहे की बंद तेच कळत नाही, काका. शेजारी पाळण्यात बाळ झोपलेलं असू दे, पापणी हलणार नाही त्याची.

शिंपी : मग नको.

दुकानदारीण : नको?

शिंपी : आवाज करणारा दाखवा.

दुकानदारीण : बारा वर्षं झाली मी या दुकानात बसते. विकते मी, दुरुस्तही मीच करते. येणारा प्रत्येक जण म्हणतो, ताई, आवाज कमी असलेला द्या. उलटं मागणारे तुम्ही पहिले.

शिंपी : उभाच हवा. वाकून ओढायचा नको, बायकोची कंबर धरते. टिकाऊ हवा. आणि चांगला घरघरणारा हवा.

दुकानदारीण : घरघर म्हणजे बिघाड असतो हो.

शिंपी : बिघाड नको. नुसती घरघर हवी. माझं शिलाई मशीन बघा, पायाचं. आवाजही करतं आणि टाकाही सरळ घालतं. दोन्ही येतं त्याला.

दुकानदारीण : शिंपी आहात होय? तरीच मघापासून माझ्या बाहीकडे बघताय.

शिंपी : खांद्यात ओढतेय ती. कापतानाच चुकलंय. असू दे.

दुकानदारीण : असू दे म्हणताय आणि दिवसभर मनात राहणार माझ्या. बरं, काम घरातच करता का?

शिंपी : पुढच्या खोलीत. चाळीस वर्षं.

दुकानदारीण : मग तर फिरता ब्रश लागेल, आणि तो सहज काढता यायला हवा. दोऱ्यांचे तुकडे ब्रशला गुंडाळतात, पट्टा गरम होतो, एक दिवस तुटतो. हल्लीच्या हलक्या यंत्रांचा जीव तिथेच जातो. तुमच्याकडे आत्ता कुठला आहे?

शिंपी : मुलीनं दिलेला. चार महिने झाले. बिनवायरचा, काडीसारखा. एका हातानं उचलतो माणूस.

दुकानदारीण : चांगलाच असेल की.

शिंपी : चांगला आहे हो. कापसासारखा फिरतो. घरात पाल चालावी तसा.

दुकानदारीण : आणि आधीचा?

शिंपी : तो उभा होता. लोखंडी बूड, कापडी पिशवी, वायर तीन ठिकाणी जोडलेली. चोवीस वर्षं चालला. मुलगी नवा घेऊन आली आणि त्याच पावली जुना भंगारात देऊन गेली. मी माप घ्यायला बाहेर गेलो होतो. परत आलो तर कोपरा रिकामा.

दुकानदारीण : पण आवाजच कशाला हवा, ते अजून नाही सांगितलंत.

शिंपी : बायकोला कमी ऐकू येतं. चालू आहे की बंद ते कळायला नको?

दुकानदारीण : अगंबाई. कुठे आहेत काकू?

शिंपी : समोर, चष्म्याच्या दुकानात. काडी घट्ट करून घेतेय. पंधरा-वीस मिनिटं लागतील. तेवढ्यात ठरवू या.

दुकानदारीण : चालवणार त्या आणि ठरवणार तुम्ही? बरं. हा ऐका.

शिंपी : पातळ आहे.

दुकानदारीण : हा?

शिंपी : हा शिट्टी घालतो. शिट्टीखाली बाकी काही उरत नाही.

दुकानदारीण : आणि हा? याची मोटर मोठी आहे.

शिंपी : हा फार ओरडतो. सगळंच गिळेल. मधला हवा. जाड, खालच्या सुराचा, भुंगा डब्यात अडकल्यासारखा. एकसारखा.

दुकानदारीण : काका, तुम्ही व्हॅक्यूम घ्यायला आलात की तंबोरा?

शिंपी : तंबोरा!

दुकानदारीण : रागावलात का? थट्टा केली हो मी.

शिंपी : नाही. बरोबर बोललात तुम्ही.

दुकानदारीण : म्हणजे?

शिंपी : ती गाते.

दुकानदारीण : काकू?

शिंपी : यंत्र चालू असलं की. फक्त तेव्हाच. तिला वाटतं, या गोंगाटात कुणाला काय ऐकू जातंय. रोज दहाला सुरू करायची, पावणेअकराला बंद. पंचेचाळीस मिनिटं मागच्या खोलीपासून पुढच्या दारापर्यंत नुसती गात यायची. मी पुढे बसलेला. दहा वाजले की मी मशीन थांबवायचो आणि हातशिलाई काढायचो. काजं, बटणं, तुरपाई. सुईला आवाज नसतो ना. या गावातल्या निम्म्या विजारींची तुरपाई दहा ते पावणेअकरात झालेली आहे.

दुकानदारीण : आणि त्यांना ठाऊक नाही?

शिंपी : चोवीस वर्षांत नाही.

दुकानदारीण : मग ते ऐकू कमी येतं म्हणालात, ते?

शिंपी : तिला? शेजारच्या घरात टाचणी पडली तर कुठल्या खोलीत पडली ते सांगेल.

दुकानदारीण : खोटं तरी बेतून बोलायचं, काका. शिंप्यासारखं. काय गातात?

शिंपी : स्वतःचंच. कुठे शिकलेलं नाही. दोन-दोन ओळींचं. मुलगी सासरी गेली त्या वर्षी एक जोडलं होतं. शेवट नेहमी मोटर खायची, म्हणून पुरं कळायला मला बरेच महिने लागले. 'उंबऱ्याची धूळ झाडते हळूच, लेकीचं पाऊल पुसू नये.'

दुकानदारीण : ...आणि हे म्हणताना हातात व्हॅक्यूम.

शिंपी : हो. आणि उंबऱ्यापाशी आली की खरंच हळू फिरवायची.

दुकानदारीण : आमच्या सासूबाई म्हणायच्या, जात्यावर बसलं की ओवी सुचते. जाती गेली, आता यावर सुचते म्हणायचं.

शिंपी : या चार महिन्यांत एकदाही नाही सुचली. त्या काडीला आवाजच नाही. ती येते, मुकाट्यानं झाडते, जाते. मी आपली सुई घेऊन बसतो सवयीनं. परवा एकाच सदऱ्याची बटणं तीनदा लावली.

दुकानदारीण : मग सांगा की सरळ. म्हणावं, तू गा, मला आवडतं.

शिंपी : ते सांगायचा हक्क मी घालवलाय.

दुकानदारीण : असं काय केलंत?

शिंपी : लग्नाला दोन महिने झाले होते. ओट्यापाशी गात होती. घरात चार पाहुणे होते माझे. मला वाटलं, गंमत करू. म्हटलं, कात्री बोथट झाली की कापड फाडताना असाच आवाज येतो. सगळे हसले. तीही हसली. आणि त्या दिवसापासून तोंड मिटलं ते मिटलंच. पुढे नऊ वर्षांनी व्हॅक्यूम आणला, तोही धूळ फार होते म्हणून. दुसऱ्या आठवड्यात त्या घरघरीतून आवाज आला. मला वाटलं, रस्त्यावरून कुणी चाललंय गात.

दुकानदारीण : माफी नाही मागितलीत?

शिंपी : मागितली. ती म्हणाली, कसली कात्री, मला आठवत नाही. एकदा धीर करून म्हटलं, काहीतरी म्हण ना. तर म्हणाली, काय म्हणू? मीठ संपलंय म्हणू?

दुकानदारीण : हं.

शिंपी : उसवलेलं असतं तर शिवलं असतं हो. हे भलतीकडेच कापलं गेलंय. आणि हे बघा, ती आली तर यातलं अवाक्षर...

दुकानदारीण : नाही काढणार. आल्याच बहुतेक. चष्मा पुसत.

बायको : सापडलात. मी तिकडे विचारतेय, आमचे हे कुठे गेले, तर तो चष्मेवाला म्हणतो, व्हॅक्यूमच्या दुकानात शिरले. म्हटलं, दुसऱ्या कुणाचे हे असतील.

शिंपी : सहज बघत होतो.

बायको : सहज? सुई घ्यायची तरी दोन दिवस विचार करणारा माणूस सहज यंत्रं बघतो? अहो, आहे ना घरात. मुलीनं हौसेनं दिलंय.

शिंपी : त्यात दोरे अडकतात. ब्रश काढता येत नाही त्याचा.

बायको : मी कात्रीच्या टोकानं काढते. तुम्हाला काय त्रास?

शिंपी : तुझी बोटं...

बायको : माझ्या बोटांची काळजी आज आठवली. ताई, तुम्ही यांना काय काय गळ्यात मारायला निघाला होता?

दुकानदारीण : मी नाही हो काकू, तेच मागे लागलेत. पण दोऱ्यांचं म्हणतात ते खोटं नाही. शिंप्याच्या घरात ते काडीयंत्र वर्ष काढणार नाही. तो बघा, कोपऱ्यातला उभा. बूड धातूचं, पट्टा घरच्या घरी बदलता येतो, सुटे भाग मिळतात. इतर यंत्रं माझ्याकडे दुरुस्तीला येतात, हा नुसता भेटायला येतो.

बायको : जड असेल.

दुकानदारीण : उचलायला जड, ढकलायला हलका. सासरच्या माणसांसारखा, चाकं लावली की चालतो.

बायको : बोलण्यात हार जाणार नाही ही. अहो, माझी कापडी पिशवी चष्म्याच्या दुकानात राहिली वाटतं. काउंटरवर.

शिंपी : आत्ता?

बायको : मग काय, तिला पाय फुटायची वाट बघायची?

शिंपी : जातो. ताई, तो... तो मधला.

दुकानदारीण : हो काका, लक्षात आहे.

बायको : गेले का?

दुकानदारीण : रस्ता ओलांडतायत.

बायको : पिशवी माझ्या खांद्यालाच आहे. त्यांच्या लक्षात येत नाही. आता खरं सांगा, टिकाऊ आणि बिनआवाजाचा, असा दोन्ही असलेला आहे का?

दुकानदारीण : बिनआवाजाचा कशाला हवा तुम्हाला?

बायको : यांच्यासाठी. बोलत नाहीत, पण त्यांना त्रास होतो.

दुकानदारीण : त्यांनी सांगितलं तसं?

बायको : ते कशाला सांगतील? मी जुनं यंत्र लावलं की त्यांचं मशीन बंद. रोज. मी बंद केलं की पाच मिनिटांत त्यांचं सुरू. इतकी वर्षं बघतेय मी. घाईचं काम असलं, गिऱ्हाईक दारात बसलेलं असलं, तरी दहा वाजले की हात थांबले. मान खाली घालून आपली सुई ओढत बसायचे बिचारे. एक अक्षर बोलले नाहीत कधी. शेवटी मीच मुलीला फोन केला, म्हटलं, तुझ्या वडिलांचा पाऊण तास रोज वाया जातो माझ्यापायी, बिनआवाजाचं काहीतरी बघ.

दुकानदारीण : तुम्हीच मागवलात तो?

बायको : मीच. त्यांना सांगू नका. त्यांना वाटतं मुलीची हौस.

दुकानदारीण : आणि आता दहा वाजता मशीन चालू असतं का त्यांचं?

बायको : तेच तर कळत नाही. आताही नसतं. सुई घेऊन बसतात आणि माझ्याकडे बघतात. काहीतरी हरवल्यासारखे. म्हातारपण असेल.

दुकानदारीण : काकू, आणि तुम्हाला? जुन्याची सवय होती ना?

बायको : मला काय... बरा होता. सोबत होती. त्याच्या आवाजात माणूस एकटं असतं जरा. घरात एकटं व्हायला बायकांना जागा असते कुठे? सोडा. काय बोलतेय मी.

दुकानदारीण : मी एक सांगू? घेऊ नका. पण हा जुन्या घडणीचा चालवून बघा एकदा. आत लांब गालिचा अंथरलाय, मुद्दाम चालवून बघायला. मागे कुणी नसतं.

बायको : घेणार नाही हं मी. आवाज करतो म्हणालात ना?

दुकानदारीण : करतो. पण दार लोटून घ्या, बाहेर काही ऐकू येत नाही.

बायको : खरंच नाही?

दुकानदारीण : मी इथे बसते रोज. मला माहीत.

बायको : ते आले तर बाहेरच बसवा. बघते मी, ब्रश कसा चालतो ते.

(आतल्या खोलीत यंत्र सुरू होतं. जाड, एकसारखा आवाज.)

शिंपी : ताई, पिशवी नाही तिथे. तो म्हणतो, त्यांच्या खांद्यालाच होती.

दुकानदारीण : बसा काका.

शिंपी : कुठे गेली ही?

दुकानदारीण : आत. चालवून बघतायत.

शिंपी : कुठला लावलात?

दुकानदारीण : ऐका ना.

शिंपी : ...हा मधला आहे.

दुकानदारीण : हो.

शिंपी : थोडा वरचा आहे जुन्यापेक्षा. पण भरलेला आहे. आवडेल तिला? काय म्हणाली? घेऊ या म्हणाली का?

दुकानदारीण : नको म्हणाल्यात. तुमच्यासाठी नको म्हणाल्यात. तुम्ही दहा वाजता मशीन का थांबवता, ते त्यांनी त्यांच्या परीनं ठरवलंय. बाकीचं मला सांगता येणार नाही, मी तुम्हा दोघांना शब्द देऊन बसलेय.

शिंपी : मशीन थांबवतो म्हणून... तिला वाटलं, मला त्रास होतो?

दुकानदारीण : मी काही बोलले नाही.

शिंपी : तरीच. अरे देवा. तरीच ती काडी घरात आली. उद्यापासून दहाला मशीन चालू ठेवीन मी. सुईत दोरा न घालता चालवीन. पाय हलत राहिले म्हणजे झालं.

दुकानदारीण : मग तुम्हाला ऐकू कसं येणार?

शिंपी : येईल तेवढं येईल. थांबा.

दुकानदारीण : काय झालं?

शिंपी : थांबा जरा.

दुकानदारीण : ...काका, या गातायत त्या काकूच का? दार उघडून बघू?

शिंपी : नका. तिकडे बघूसुद्धा नका.

दुकानदारीण : हाच बांधून ठेवू मग?

शिंपी : ठेवा. पण आत्ता उठू नका, तिला हाक मारू नका. आपण गप्प बसलो तर ऐकतोय ते तिला कळेल. तिच्या कानांचं सांगितलं ना तुम्हाला. माझ्याशी बोला. काहीही बोला, मोठ्यानं.

दुकानदारीण : काय बोलू?

शिंपी : यंत्राचं सांगा.

दुकानदारीण : बरं. पट्टा वर्षातून एकदा बदलायचा, काका. ब्रशवरचे दोरे आठवड्याला कापायचे, उलट्या बाजूनं, म्हणजे त्याचे केस तुटत नाहीत. पिशवी पाऊण भरली की रिकामी करायची, पुरती भरू द्यायची नाही. वायर ओढायची नाही, प्लग धरून काढायचा. आणि चालू असताना मध्येच कुणी बंद करायचं नाही. त्याचं त्याला थांबू द्यायचं.