चीज शेवटी

नाही हो दादा, आवाजाचं नंतर — आधी डबा. सकाळी चीजचा डबा बाहेर काढला आणि तो हाताला गार लागला नाही, तिथून सगळं सुरू झालं. गरम होता असं नाही म्हणत मी, पण एरवी कसं, धरला की बोटं आखडतात, फडक्यानं उचलावा लागतो — आज नुसता डब्यासारखा डबा. आणि चीज ज्यात बुडवून ठेवतो ते आतलं मिठाचं पाणी किंचित गढूळ. किंचितच. मी मावशीला म्हटलं, मावशी, हे पाणी बघ गं जरा. तर काय म्हणाली असेल? "सशा, तुला काय, पाण्यातसुद्धा वाघ दिसतो." सशा! तेवीस वर्षांची आहे मी, पदवी घेतलीय, तीही पहिल्या वर्गात, आणि या खोलीत माझं नाव ससा. का, तर दचकते. झाकण पडलं की दचकते, बेल वाजली की दचकते, हा तुमचा फ्रीज खोकला — तुमचा कसला, आमचाच, पण दर उन्हाळ्यात मागून उघडता तुम्हीच — तो खोकला की हातातली सुरी सुटते. एकदा का माणसाला ससा म्हटलं ना, की मग त्याचं बोलणं हे बोलणं राहतच नाही, सगळं दचकणंच होतं. तुम्ही बघा ना, मागची जाळी बघा, मी बोलतेय म्हणून थांबू नका. माझे हात चाललेत, तुमचेही चालू देत.

ती रिंग वाजतेय ना, वाजू द्या. मुद्दाम स्पीकरवर ठेवलाय. वृद्धाश्रमाच्या ऑफिसातला फोन आहे तो — सातव्यांदा लावतेय, नाही, आठव्यांदा — आणि तिथल्या मॅनेजरबाई कुठल्या दिवाणखान्यात जाऊन बसल्यात कोण जाणे. ऑफिसात फोन ठेवायचा कशाला मग? फुलदाणी ठेवा त्याच्या जागी! बेचाळीस माणसं आहेत तिथे दादा. सगळ्यात तरुण कोण, तर सत्तर वर्षांच्या एक बाई. साडेबाराला जेवायला बसतात, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही, आणि आता बाराला पाच कमी. मावशी अकरालाच गेली व्हॅनमधून, त्याच चीजच्या सॅलडचे ट्रे घेऊन. स्वतः वाढते ती तिथे. आणि तिचा मोबाइल — तो बघा, तो वरच्या फळीवरचा बिस्किटांचा डबा, त्यात. नियम आहे आमच्याकडे, हात अन्नात तर फोन डब्यात. अन्नाचा हात फोनला नाही आणि फोनचा हात अन्नाला नाही. मी तिला फोन लावला मघाशी, तर डोक्यावर डबा वाजायला लागला. अशी दचकले, विचारू नका. विसरून गेली ती डब्यातच. लोकांना नियम शिकवते आणि नियमातच विसरते!

मी हे काय करतेय म्हणून बघताय का? दुसरं करतेय. सगळं परत. समजा कोणी उचलला फोन, समजा थांबवलं त्यांना — मग बेचाळीस माणसांनी काय हवा खायची? कोपऱ्यावरच्या दुकानातून नवं चीज आणलंय, काकड्या होत्याच. गाडीही मागवलीय, ती मघापासून अठरा मिनिटं दाखवतेय. पाच मिनिटांपूर्वी अठरा, आत्ताही अठरा. कुठल्या कासवाला चाकं लावलीत त्यांनी! तुम्ही तरी स्कूटर घेऊन यायचं होतंत. असो, समोरच्याच दुकानातून कशाला कोण स्कूटर काढेल म्हणा.

लोक म्हणतात, तुमचं काय, सोपं काम. शिजवायचं नाही, भाजायचं नाही, नुसतं चिरायचं. सोपं! या, करून बघा. काकडी चिरून मीठ लावून चाळणीत ठेवा, पाऊण तास, तिचं पाणी तिच्याकडून काढून घ्या, नाहीतर ताटात तळं होतं. टोमॅटोचा बियांचा गर काढून टाका. सिमला मिरचीच्या आतली पांढरी शीर सोलून काढा, कडू असते. कांदा बर्फाच्या पाण्यात बुडवा म्हणजे त्याचा माज उतरतो. पुदिना सुरीनं नाही, हातानं तोडायचा, सुरीनं काळा पडतो. लिंबू, तेल, मिरपूड. आणि चीज शेवटी. सगळ्यात शेवटी, हातानं कुस्करून, वरून — ढवळायचं नाही, नाहीतर सगळ्याची पांढरी लापशी होते. मावशी रोज ओरडते, "सशा, चीज शेवटी!" — जसं काही मला रोज नव्यानं सांगावं लागतं. आणि तुम्हाला सांगू, शिजवलेल्या अन्नाचं बरं असतं. आगीत निम्मी पापं जळून जातात. इथे आग नाही. इथे जे हातातून जाईल ते तसंच्या तसं पोटात जातं. म्हणून तर गारवा पाहिजे. म्हणून तर हा फ्रीज!

उचला ना हो कोणीतरी! — नाही, तुम्हाला नाही, त्यांना म्हणतेय.

आणि ऐका, सगळ्यात वाईट तर पुढेच आहे. तिथली म्हातारी माणसं कच्च्याला भितात. "हे पोटाला बाधणार नाही ना?" म्हणून विचारतात. मग मावशी काय करते, ताटं वाढून झाली की मधोमध उभी राहते आणि पहिला चमचा स्वतः खाते, सगळ्यांसमोर. मोठ्ठा घास. म्हणते, "बघा, मी खाल्लं. आता तुम्ही." आणि मग बेचाळीस चमचे एकदम उचलले जातात. मी पाहिलंय ते. हसू येतं बघताना — आज नाही येत. आणि तिचं नाक आठवडाभर चोंदलंय सर्दीनं, तिला वास येत नाही, चव कळत नाही, कालच मला म्हणाली की चहा पितेय की गरम पाणी कळत नाही. मग सकाळी पाणी बघायला काय झालं होतं? एकदा वाकून बघायला? एका माणसानं "बघ" म्हटलं तर बघावं, एवढं साधं आहे हे, पण नाही, भाचीचं कोण ऐकणार, भाचीला घेतलंय ते बहिणीवर उपकार म्हणून—

काय? चांगलाय म्हणजे? चार डिग्री? आत्ता चार असेल हो, सकाळी नव्हता! नीट बघा. त्या काळ्या डब्याला हात लावून बघा, तो काँप्रेसर, तोच खोकतो. गॅस गळत असेल. वायर जळाली असेल. काहीतरी असेलच ना, बिघडल्याशिवाय थोडंच चीज असं होतं? ट्रे गेल्यावर मी रिकामा डबा धुवायला घेतला तर तळाशी एक तुकडा राहिलेला, बोटाला चिकट, बुळबुळीत, आणि वास — तो वास मला माहीत आहे. पुस्तकात नसतो वास, पण कॉलेजच्या लॅबमध्ये तीन वर्षं घेतलाय मी. सूक्ष्मजीवशास्त्र, दादा. तासाभरात एकाचे किती होतात ते मी तुम्हाला झोपेत सांगेन.

स्विच? कोण बंद करेल स्विच? काय बोलताय तुम्ही! तुम्हाला बोलावलं कशासाठी, मशीन बघायला की माणसं तपासायला? इथे आहोतच कोण, मी आणि मावशी. मावशी काल तीनलाच गेली होती डॉक्टरकडे, ते नाकाचं दाखवायला. मग राहिलं कोण? बोला ना, राहिलं कोण? असं का बघताय?

चार वाजता माझी मुलाखत होती. फोनवर. अन्न तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेची. मावशीला नव्हतं सांगितलं. सांगून काय, हसली असती — "ससा पिंजरा शोधायला निघाला." बाहेर रस्त्यावर ड्रिल चालू होतं, म्हणून इथेच बसले, या स्टुलावर, दार लावून. फोन डब्यात नव्हता, हातात होता. आणि हा दर वीस मिनिटांनी खोकतो. मला वाटलं, मधेच खोकेल, मी किंचाळेन, आणि तिकडची माणसं म्हणतील की हिला कुठे घ्यायची. अर्ध्या तासाचा प्रश्न होता. अर्धा तास फ्रीजला काही होत नाही, हे मला माहीत आहे, शिकलेय मी. बंद केला. आणि त्यांनी काय विचारलं असेल? "अन्न टिकवताना सगळ्यात महत्त्वाचं काय?" मी म्हटलं, थंडावा मधे तुटता कामा नये, सर. एक क्षणभरही नाही. छान बोलले हो मी. ते म्हणाले, "व्हेरी गुड." त्या "व्हेरी गुड"च्या नादात पर्स उचलली, कुलूप लावलं आणि हवेत तरंगत घरी गेले.

तर आधी डबा नव्हता. खोटं सांगितलं मी. आधी शांतता होती. सकाळी सातला दार उघडलं आणि खोलीत आवाजच नाही — आयुष्यात पहिल्यांदा मी आवाज नसल्यामुळे दचकले. पंधरा तास, दादा, या उकाड्यात. धावत जाऊन स्विच लावला. मावशी साडेआठला आली तोवर हा गुरगुरत होता, वरचं थंड झालं होतं. मी म्हटलं, पाणी बघ. पाणी बघ एवढंच म्हटलं. का बघ, ते नाही सांगितलं. म्हटलं, तिलाच दिसू दे, तीच टाकून देऊ दे, माझं नाव न येता. ती हसली आणि मला राग आला, आणि राग आला ना की किती बरं वाटतं — वाटलं, बरं झालं, आता चूक तिची. चीज मीच कुस्करलं. शेवटी. या हातांनी.

आणि अजून सांगू? तो वास आल्यावर आधी तुमच्या दुकानात फोन केला मी. तिथे नंतर. तिथे नंतर लावला. वाटलं, आधी बिघाड सापडू दे, मग सांगू. वाक्यसुद्धा तयार आहे माझं — फ्रीज बिघडलाय, दुरुस्तीवाले दादा इथेच आहेत, त्यांनाच विचार. तुमच्या त्या पावतीवर एक ओळ लिहिता का? नुसतं "काँप्रेसरमध्ये दोष" एवढंच. तुमचं काय जातंय त्यात—

असं बघू नका हो. बरं. नका लिहू. ठेवा ते पेन खिशात. मला कळतं. बारा वाजून वीस झाले आणि मी पावतीचं बोलतेय, मलाही कळतं ते—

थांबा. रिंग थांबली. उचलला! तो पाना खाली ठेवा, आवाज नका करू. हॅलो? हॅलो, मी स्वयंपाकघरातून बोल— कोण? मावशी? तू कशी ऑफिसात — वाढलंस? चमचा कुठे आहे तुझा? हातात? खाली ठेव. आधी खाली ठेव, मग बोल. कोणी काही खायचं नाही, सगळ्यांना सांग, ताटं मागे घे. नाही, मी दचकले नाहीये. नाही गं मावशी.

फ्रीज चांगला आहे.