धुळीचा खोकला

काय बोललीस गो आत्ता आत, ह्यांच्यासमोर? नाय, तू तुझ्या अब्बांशीच बोललीस, माहीत हाय मला, पण खाटेला खाट लागून हाय ना – "अब्बा, तुमच्या कोरोनाचं औषध आणलं" – केवढ्यानं बोललीस! इकडं ये, बस बाकावर जरा. रागावत नाय गो तुला. सुमय्या ना तू? अष्टमी गावची? अब्बा सांगत होते, लेक येणार म्हणून. चांगला माणूस. नाकाला नळी लावलेली, तरी काल आमच्या ह्यांना म्हणतात, "मोरूशेठ, बरे झालात की अष्टमीला या, आमच्याकडची चिंबोरी खाल्लीत की खोकला कुंडलिका नदीत वाहून जाईल" – दोघं हसले, हसता हसता दोघांना ढास लागली, आणि सिस्टर ओरडली कोणाला? मला!

तर ऐक. ह्यांना ठाऊक नाय काय झालंय ते. मी सांगितलंय, धुळीचा खोकला हाय. पटतो की! पेणला गणपतीच्या कारखान्यात जन्म गेला त्यांचा – पॉलिश पेपर घेऊन मूर्ती घासायच्या, ती पांढरी धूळ भुवयांवर, कानात, डब्यातल्या भाकरीवर – सणाच्या आधी दर वर्षी खोकतातच ते. म्हणून तर आधी आम्हीपण दवाखाना केला नाय, धूळच म्हटलं. मग दम लागला, ओठ निळे पडले, तेव्हा इथं आणलं. इथं दम लागलेल्या सगळ्यांच्याच नाकात काडी घालून तपासतात – आणि निघाला. म्हटलं, डॉक्टर, आता कुठं राहिलाय हो तो कोरोना? तर म्हणाले, राहिलाय मावशी, आणि अशा छातीला जड जातो. मग तुझ्या अब्बांचाही तोच निघाला, म्हणून ह्या खोलीत दोघांना एकत्र ठेवलं.

का नाय सांगितलं? अगो, जनू – ह्यांचा धाकटा भाऊ – तो पहिल्या लाटेत गेला. प्लॅस्टिकात बांधून नेला त्याला. हे गेटापाशी उभे – तोंड दाखवा हो, एकदा तोंड दाखवा – कोण ऐकतो? जन्मभर गणपतींची तोंडं घासून गुळगुळीत केली ह्या माणसानं, आणि सख्ख्या भावाचं तोंड बघायला मिळालं नाय. तेव्हापासून एकच धोसरा – हौसा, मला तसा नेऊ देऊ नकोस. आता तो शब्द कानावर पडला तर ऑक्सिजन ओरबाडून काढतील, घरी चल म्हणतील. मी डॉक्टरांना विचारलंय. म्हणाले, आता तसं नाय मावशी, घरी नेता येतं, तोंड बघता येतं. – हे असलं विचारायचं का गो बायकोनं? नवरा आत श्वास घेतोय, आणि मी बाहेर हे विचारते. पण विचारलं. विचारून ठेवलं.

मास्क? हा बघ, कमरेला खोचलाय. दारात घालते, सिस्टरला दाखवायला. आत गेले की काढते. नायतर हे विचारतील ना, धुळीच्या खोकल्याला तू कशाला तोंड बांधलंस म्हणून! आणि गंमत बघ – काल पाणी पाजायला वाकले, तर हात आडवा घातला मध्ये. "हौसा, पदर बांध तोंडाला. धूळ हाय." म्हटलं, व्हय व्हय, बांधते. आज सकाळी पुन्हा तेच – "लांब बस. धूळ लागंल तुला."

इथं कुठली आली गो धूळ?

सारखी फरशी पुसतात इथं. कारखान्यात मी त्यांच्या मांडीला मांडी लावून रंग दिलाय, सगळी धूळ दोघांनी मिळून खाल्ली, तेव्हा नाय म्हटलं कधी, लांब बस म्हणून –

थांब. बोलू नकोस काही.

जा तू. जा गो बाय, अब्बा वाट बघत असतील. मी आलेच. एवढा मास्क बांधते नीट, आणि आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरू गेला. हौसानं त्याला पेणला घरी नेलं, तोंड उघडं ठेवून.