दुसऱ्या थरातला चौथा चिरा

मुलगी : पुन्हा सांगते बाबा, भिंत उत्तम झालीय. इस्पितळातली किरणोपचाराची अख्खी खोली झाकली गेली. फक्त एका जागी मीटर चढतो. दुसऱ्या थरातला चौथा चिरा.

बाबा : मीटर बिघडला असेल.

मुलगी : तीनदा मोजलं. पलीकडे किरणांचा स्रोत ठेवला आणि अलीकडून वीत वीत सरकत आले. सगळीकडे काटा निपचित. तिथे मात्र, तळहाताएवढ्या जागेत, उठून बसतो.

बाबा : सांधे तू म्हणालीस तसेच पायरीपायरीने बसवलेत. सरळ फट एकही नाही. आणि दगडही तूच निवडलास. माझा गुलाबी, आरशासारखा दगड नापास केलास आणि हा काळा रेडा डोक्यावर घेतलास.

मुलगी : कारण रेडा जड आहे, त्यात लोखंड आहे. गॅमा किरणांना रूप कळत नाही बाबा, वजन कळतं. दगड जितका घट्ट आणि जाड, तितके ते आतच जिरतात. आत पोकळ असलं की लगेच समजतं.

बाबा : पोकळ आहे असं कोण म्हणालं?

मुलगी : कोणीच नाही. मी अजून कुणाला बोललेले नाही. आधी तुमच्याकडे आले.

बाबा : मुठीएवढी पोकळी होती. मागची बाजू घडवताना छिन्नी एकदम आत गेली. दगडाची भुकटी राळेत कालवून भरली आणि घासून काढली. चाळीस वर्षांत अशा किती भरल्या असतील. पायऱ्या, चौथरे, खांब. कुणाचं काही अडलं नाही.

मुलगी : पायरीवर नुसता पाय ठेवायचा असतो. इथे त्या चिऱ्यामागे मशीन चालवणाऱ्या ताई बसणार आहेत. रोज सहा तास.

बाबा : कोण, तुझ्या मावशीच्या उपचारांच्या वेळी तिच्या पायांवर चादर घालायची ती?

मुलगी : त्याच. त्यांची खुर्ची नेमकी तिथे येते.

बाबा : खुर्चीचं मला कुणी सांगितलं नव्हतं.

मुलगी : खुर्ची नसती तर चाललं असतं?

बाबा : नसतं. उलटतपासणी घेऊ नकोस. नसतं चाललं.

मुलगी : हे बघा, अलीकडून शिशाचा जाड पत्रा बसवते, वरून रंग देऊ. अहवालात लिहीन, एका जागी जादा आवरण. का, ते कुणी विचारणार नाही.

बाबा : म्हणजे माझ्या भिंतीला ठिगळ. नको. वरचे थर उतरवू आणि चिरा काढू. तीन-चार दिवस जातील. इस्पितळाच्या साहेबांना सांग, म्हाताऱ्याची चूक झाली.

मुलगी : सांगते. पण एक विचारू? दगड वाजवल्याशिवाय तुम्ही कधी उचलत नाही. मला खांद्यावर घेऊन खाणीत टकटक करत फिरायचात. हा वाजवला नव्हता?

बाबा : वाजवला होता.

मुलगी : मग?

बाबा : मला आता सगळेच सारखे वाजतात.

मुलगी : कधीपासून?

बाबा : दोन वर्षं झाली. आधी उजवा कान, मग डावा. तुझी हाक येते गं, पण दगडातला तो बारीक फरक येत नाही. त्या दिवशी पोकळी निघाली त्याचं काही वाटलं नाही. वाटलं, कान गेले हे आता सगळ्यांना कळणार. म्हणून पटकन बुजवून टाकली.

मुलगी : मला सांगायचं होतंत.

बाबा : पाथरवटाने कोणत्या तोंडाने म्हणायचं, की मला दगड ऐकू येत नाही?

(दोघं मागच्या अंगणात, उरलेल्या दगडांच्या राशीपाशी.)

मुलगी : द्या तो हातोडा.

बाबा : मूठ आवळू नकोस. मनगट सैल सोड, टिचकी मारल्यासारखं. कडेला एक, मधे एक. काय म्हणतो?

मुलगी : कडेला टण. मधे जरा घसा बसल्यासारखा.

बाबा : नको तो. पुढचा घे.

मुलगी : टण. इथेही टण. घुमतोय चांगला.

बाबा : खालच्या कोपऱ्यात?

मुलगी : तिथेही.

बाबा : आता वाजवताना दुसरा हात वर ठेव. बोटांत थरथर येते?

मुलगी : येते.

बाबा : थांब, मला ठेवू दे. हं. मलाही येते. घे हा.

मुलगी : बसवण्याआधी मीटर लावून बघते हं.

बाबा : बघ की. तुझा कान, तुझा मीटर, माझा हात. बिचाऱ्या दगडाने आता लपवायचं तरी काय? आणि हे बघ, कानाचं आईला बोलू नकोस. उगाच जिवाला लावून घेईल.

मुलगी : बाबा, आईला ठाऊक आहे. ती एवढं ओरडून का बोलते तुमच्याशी?

बाबा : मला वाटायचं, चिडलेली असते.

मुलगी : दोन वर्षं?

बाबा : काहीतरी केलंच असेल मी, म्हणून मुकाट ऐकून घेत होतो.