चौतीसचं माप

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि एका प्रश्नाचं उत्तर द्या. डोळ्यांना दिसतं ते खरं, की मनाला वाटतं ते खरं? — हं, पुढच्या रांगेतून आवाज आला, "डोळ्यांना दिसतं ते!" छान. मग पन्नास माणसं एकच वस्तू बघतात आणि पन्नास गोष्टी घरी घेऊन जातात, त्या कशा? आत्ता उत्तर नको. आधी कुमुदची गोष्ट ऐका.

तासगावात अनंता बोंगाळे म्हणून एक लेडीज टेलर. बोलणं मोजकं, कापणं नेमकं. कुमुद त्याची बायको. येत्या अक्षय तृतीयेला लग्नाला पंचवीस वर्षं होणार होती. खाली दुकान, वर घर. आणि या घरची एक रीत होती, ती ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे — ब्लाउज शिवायचा अनंतानं, पण हुक लावायचे कुमुदनं! तिच्या बोटांखालून गेल्याशिवाय एकही ब्लाउज दुकानाबाहेर पडत नसे.

लेक नोकरीला पुण्यात. तिनं आईला मोबाईलवर एक मालिका लावून दिली. नाव सांगत नाही, नाहीतर उद्या कीर्तनाला देवळाचे खांब तेवढे उरतील! मीही दोन भाग पाहिलेत हो. — हसता काय? रोग कळल्याशिवाय औषध कसं देणार? तर मालिकेत एक मोठं घर, एक हसतमुख नवरा आणि त्याच्या गाडीत सापडलेली एक परकी छत्री. बस्स! नवरा खरंच बाहेरख्याली आहे की बायकोच्या मनाचेच खेळ आहेत, हे दोन भाग संपले तरी कळत नाही. मारामारी नाही, भूत नाही. नळ ठिबकतो, नवरा गोड हसतो, आणि बघणारा उठून आपल्याच दाराची कडी तपासून येतो. कुमुदला पहिल्यांदा काय वाटलं, सांगू? तिला वाटलं, हा नवरा वाईट दिसत नाही, हीच खरी भीती. मग तिनं मान वळवून आपल्या नवऱ्याकडे पाहिलं. तोही वाईट दिसत नव्हता!

दुसऱ्या दिवशी सकाळी अनंता अस्तराचं कापड आणायला बाजारात गेला. कुमुद दुकान झाडायला उतरली. केरसुणी राहिली कोपऱ्यात, आणि बाई ड्रॉवर उघडत सुटली. रोजचेच ड्रॉवर, पण आज ती छत्री शोधत होती ना! तर एका ड्रॉवरच्या तळाशी, कागदी नमुन्यांखाली, काय सापडलं? जांभळ्या रेशमाचा ब्लाउज. पुरता शिवलेला, हुकांसकट — आणि हुक तिनं लावलेले नव्हते.

तुम्हाआम्हाला त्यात काय वाटणार? हुक तर हुक! पण तिच्या पायाखालची जमीन सरकली. नवऱ्यानं स्वतः बसून, वेडेवाकडे टाके घालून, बायकोच्या नजरेआड हुक लावले. कुणासाठी? चिठ्ठी टाचलेली होती, तिच्यावर नाव नाही, नुसतं माप. छाती अडतीस. आणि कुमुद चौतीस! लग्नाच्या वर्षी त्यानं वहीच्या पहिल्या पानावर तसं लिहिलं होतं, तेव्हापासून तेच. नवं माप ती घेऊच द्यायची नाही. जुना ब्लाउज पुढे टाकायची आणि यावरून शीव म्हणायची. मग नवा शिवलेला दंडाला का काचायचा? तर तिच्या मते हल्ली कापडच धुण्यात आटतं! आणि मग ती गुपचूप शिवणी उसवून तो सैल करायची. — बायांनो, माना खाली घालू नका, मी कुणाचं नाव घेतलेलं नाही.

अडतीस कोण, हे शोधायला तिला वही लागली नाही. सगळ्या गिऱ्हाइकांची मापं तिला पाठ. बँकेत बदली होऊन आलेल्या मॅडम अडतीस. त्या आल्या की अनंता खुर्ची पुसून देतो, हे तिला लख्ख आठवलं. खुर्ची तो सगळ्यांनाच पुसून देतो, हे मात्र आठवलं नाही. मनाला एकदा संशयाची चटक लागली की ते सोयीचं तेवढंच वेचतं.

कुमुद चुलीपाशी बसून रडली. चूल कसली, गॅसच तो! पण रडू खरं होतं. हा माणूस आपला नसेल तर आपलं असं दुसरं आहेच काय, एवढाच विचार तिच्या मनात घोळत राहिला. उद्या सकाळी भावाला बोलवायचं आणि माहेरी जायचं, इथवर तिचं ठरलं.

दुपारी अनंता जेवायला वर आला. मालिकेतल्या बाईनं छत्री जेवणाच्या टेबलावर ठेवली होती. कुमुदनं ब्लाउज ताटात ठेवला, भाकरीच्या जागी. अनंता हात पुसायचा विसरून ताटाकडे बघत राहिला.

"कुणाचा आहे?" तिनं विचारलं.

"घालून बघ."

काय हा निलाजरेपणा, असं तिला वाटलं. पण ब्लाउज उचलून ती आत गेली. माझ्या अंगावर झुलीसारखा लोंबेल, तो तसाच दाखवते आणि मग बोलते! दार लावलं. बाह्या चढवल्या. पहिला हुक लागला. दुसरा. तिसरा. पोट आत ओढावं लागलं नाही, श्वास कोंडावा लागला नाही. सहावा हुक लागला आणि मंडळी, कित्येक वर्षांनी तिनं नव्या ब्लाउजात छाती भरून श्वास घेतला. आरशात पाहिलं आणि तिनं ते सहाही वाकडे हुक एकेक करून चाचपले.

दाराबाहेरून अनंता बोलला. एवढं तो एका दमात कधी बोलला नसेल. "तू शिवणी उसवतेस ते दोरीवर वाळताना दिसतं मला. त्या उसवलेल्या ब्लाउजांवरूनच माप घेतलं. तुला चौतीस म्हणायला आवडतं, तर मी कशाला मोडू? तृतीयेला द्यायचा होता. हुक वाकडे बसलेत, तेवढे तू बदल."

तिनं बदलले का? छे! तृतीयेला तोच ब्लाउज तसाच घालून ती गावभर मिरवली, आणि कुणी विचारायच्या आत ज्याला त्याला सांगत सुटली, हे वाकडे हुक आमच्या ह्यांचे. मालिकेचा तिसरा भाग तिनं त्याला शेजारी बसवून लावला. तो पाचव्या मिनिटाला घोरू लागला. त्या घोरण्यात तिला काही ऐकू येईना, तरी तिनं त्याला उठवलं नाही.

आता तुमची पाळी, मंडळी! कुमुदला हसलात. पण दोन भाग बघून अख्ख्या माणसाचा निकाल तुम्ही कितीदा लावलात? आणि बाप्यांनो, तुम्ही फार हसू नका. दोरीवर वाळणाऱ्या कपड्यावरून बायकोचा कोंडलेला श्वास ओळखणारा तुमच्यात कोण आहे? हात वर करा बघू. — एकही नाही!

मग टाळ उचला, नाव घ्या त्याचं. पण त्याआधी शेजारच्या आपल्या माणसाकडे एकदा वळून बघा, आणि स्वतःला विचारा — याचं कोणत्या वर्षीचं माप धरून बसलो आहोत आपण?